अस्वल, ‘आळशी अस्वल’ आणि लॅटिन नावाचा अर्थ

गेल्या वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाळेत विज्ञान शिक्षकांच्या शिबिरासाठी गेलो होतो. प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक मोठा रंगीत तक्ता लावलेला होता. शीर्षक होते ‘आपले वन्य प्राणी : शास्त्रीय नावे व त्यांचे अर्थ’. चित्रे चांगली होती, छपाईही स्वच्छ होती. प्रत्येक प्राण्यासमोर तीन रकाने : मराठी नाव, शास्त्रीय नाव, अर्थ. अस्वलासमोर ‘मेलुर्सुस उर्सिनुस’ असे लिहिले होते आणि अर्थाच्या रकान्यात ‘आळशी अस्वल’.

चहाच्या सुट्टीत तिथल्या विज्ञानाच्या बाई मला त्या तक्त्यापाशी घेऊन गेल्या. म्हणाल्या, “सर, याचं काय करायचं सांगा. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या काकांना मोहफुलं वेचताना अस्वलानं फाडलं. तो मुलगा विचारतो, बाई, आळशी असतं तर काका पळून नसते का आले?”

मी त्यांना घाईत ‘भाषांतर चुकले आहे’ एवढेच उत्तर दिले. ते खरे होते, पण पुरेसे नव्हते. परतीच्या प्रवासात लक्षात आले, की त्या एका चौकटीत एक नव्हे, निदान तीन चुका एकावर एक बसल्या आहेत; आणि त्यांतली सगळ्यांत मोठी चूक त्या चौकटीत नसून ‘अर्थ’ या रकान्याच्या मथळ्यात आहे. म्हणून हा लेख. तक्ता कोणी छापला हे सांगत नाही, कारण असे रकाने मी इतरत्रही पाहिले आहेत. खरे तर पंधरा वर्षांपूर्वी एका पुस्तिकेसाठी असाच रकाना मी स्वतः भरून दिला होता.

आधी शब्द पाहू. लॅटिन भाषेत ‘मेल’ म्हणजे मध आणि ‘उर्सुस’ म्हणजे अस्वल. दोन्ही जोडून मेलुर्सुस, मध-अस्वल. दुसरा शब्द उर्सिनुस हे ‘उर्सुस’पासूनच झालेले विशेषण आहे, अर्थ ‘अस्वलासारखा’. म्हणजे संपूर्ण नावाचा शब्दशः अर्थ ‘अस्वलासारखे मध-अस्वल’. (या लेखात लॅटिन नावे लॅटिन उच्चाराला जवळ जातील अशी लिहिली आहेत. आपल्याकडे इंग्रजी वळणाचा ‘मेलर्सस अर्सायनस’ असा उच्चार अधिक ऐकू येतो. त्यावरून विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत. शास्त्रीय नावाचे स्पेलिंग ठरलेले असते, उच्चार नव्हे.)

आळस यात कुठेच नाही. मग तो आला कुठून? इंग्रजीतून. या प्राण्याला इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात, आणि इंग्रजी शब्दकोशात ‘स्लॉथ’ या शब्दापुढे ‘आळस’ असे दिलेले असते. तक्ता करणाऱ्याने लॅटिन नावाचे भाषांतर केलेच नाही. त्याने इंग्रजी नावाचे भाषांतर केले आणि ते लॅटिनसमोर लिहून टाकले. ही पहिली चूक.

दुसरी चूक अशी, की हे इंग्रजी नावाचेही भाषांतर नव्हे. ‘स्लॉथ बेअर’मधला स्लॉथ म्हणजे आळस हा दुर्गुण नसून स्लॉथ नावाचा प्राणी आहे. दक्षिण व मध्य अमेरिकेच्या जंगलांत झाडांना उलटा लटकून राहणारा, अतिशय संथ हालचालींचा हा सस्तन प्राणी. युरोपीय लोकांनी त्याच्या संथपणावरून त्याला आळशी ठरवले आणि तसे नाव दिले. तेव्हा स्लॉथ बेअर म्हणजे फार तर ‘स्लॉथसारखे अस्वल’. आळसाचा संबंध असलाच तर तो अमेरिकेतल्या दुसऱ्याच एका प्राण्याशी आहे.

आता कोणीही विचारील, की चंद्रपूरच्या अस्वलाचा अमेरिकेतल्या झाडावरच्या प्राण्याशी संबंध कोणी आणि का जोडला? येथूनच या नावाची खरी गोष्ट सुरू होते, आणि ती वर्गात सांगण्यासारखी आहे.

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ कार्ल लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या ‘सिस्टेमा नातुरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १७५८ पासून धरला जातो. त्या ग्रंथात सस्तन प्राण्यांचे गट पाडताना लिनिअसने दातांना फार महत्त्व दिले होते. ‘ब्रुटा’ नावाच्या एका गणात त्याने असे प्राणी घातले, की ज्यांच्या तोंडात पुढचे पटाशीचे दात नसतात. त्यामुळे हत्ती, समुद्रगाय, मुंगीखाऊ, खवले मांजर आणि स्लॉथ अशी विचित्र मंडळी एका पंगतीला आली. स्लॉथच्या प्रजातीला त्याने नाव दिले ब्राडिपुस. ग्रीक ‘ब्राडिस’ म्हणजे संथ आणि ‘पूस’ म्हणजे पाय. ब्राडिपुस म्हणजे मंदपाद. लोकभाषेतल्या ‘आळशी’पेक्षा हे नाव बरेच सभ्य आहे, हेही नोंदवावेसे वाटते.

१७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून आलेल्या एका प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. काळा, झिपऱ्या केसांचा, लांब वाकड्या नखांचा. वरच्या जबड्यात मधले दोन पटाशीचे दात नाहीत. शॉने लिनिअसच्या पद्धतीप्रमाणे विचार केला : पुढे दात नाहीत, नखे भलतीच लांब, तर हा स्लॉथचाच कोणी भाऊ असला पाहिजे. मात्र दिसतो अस्वलासारखा. म्हणून त्याने नाव दिले ब्राडिपुस उर्सिनुस, अस्वलासारखा मंदपाद. इंग्रजीतही त्याने त्याला एका प्रकारचा स्लॉथच म्हटले.

शॉला हसण्याचा मोह आवरावा. त्याच्या काळच्या नियमांनुसार त्याने केलेले अनुमान बिनबुडाचे नव्हते. चूक होती ती एका लक्षणाला दिलेल्या वजनात. दात नसणे हा नात्याचा पुरावा आहे की आहाराचा परिणाम, हा प्रश्न तेव्हा कोणी अशा रीतीने विचारत नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे, की भारतीय अस्वलाचे मुख्य अन्न वाळवी, मुंग्या आणि हंगामी फळे. वारूळ उकरायला लांब नखे लागतात. उकरल्यावर अस्वल तोंड वारुळाला लावते, आधी जोराने फुंकर मारून माती उडवते आणि मग वाळवी आत ओढून घेते. त्यासाठी त्याच्या नाकपुड्या हवे तेव्हा मिटतात, ओठ लांब आणि हलते असतात, आणि पुढच्या दोन दातांच्या जागी असलेल्या फटीतून वाळवी सरळ आत जाते. हा फुंकण्या-ओढण्याचा आवाज शंभर मीटरांवरूनही ऐकू येतो. इतर अस्वलांच्या तोंडात ४२ दात असतात, याच्या तोंडात ४०. शॉने जी दोन लक्षणे पाहून त्याला स्लॉथ ठरवले, ती दोन्ही वाळवी खाण्याची हत्यारे होती. नववी-दहावीच्या वर्गात अनुकूलन शिकवताना उंटाची मदार आणि बदकाचे पाय यांच्या जोडीला हे उदाहरण घेऊन पाहावे.

दोनच वर्षांनी, १७९३ मध्ये, मायर या जर्मन शास्त्रज्ञाने हा प्राणी स्लॉथ नाही हे ओळखून त्याच्यासाठी मेलुर्सुस ही प्रजाती केली. अस्वल ही ओळख बरोबर, पण मधाचे काय? अस्वल झाडावर चढून पोळी फोडते हे खरेच. तरी त्याचे पोट मधावर भरत नाही. यानंतर काही दशके युरोपात या एका प्राण्याची जणू बारशीच चालली होती. इलिगरने प्रोकिलुस हिर्सुतुस असे नाव दिले. प्रोकिलुस म्हणजे पुढे आलेल्या ओठाचा, हिर्सुतुस म्हणजे राठ केसांचा. फिशरने नाकाची कूर्चा महत्त्वाची मानली आणि कोंड्रोऱ्हिंकुस असे प्रजातीचे नाव सुचवले. टीडमानला लांब मुस्कट दिसले. त्याचे नाव उर्सुस लाँगिरोस्ट्रिस. १८१७ मध्ये ब्लँव्हिलने उर्सुस लाबिआतुस, ओठाळ अस्वल, असे म्हटले.

हे सारे एकाच प्राण्याचे लॅटिन अनुवाद आहेत, असे म्हटले तरी चालेल. एकाने नखे पाहिली, एकाने ओठ, एकाने केस, एकाने मुस्कट. माझे मत विचाराल तर ब्लँव्हिलचे नाव सगळ्यांत समर्पक होते. ज्या अवयवावर या अस्वलाची सारी उपजीविका चालते, तो त्याने पकडला. हिर्सुतुसही वाईट नव्हते, कारण त्या राठ केसांना घट्ट धरूनच पिले आईच्या पाठीवर बसून हिंडतात. पण यांपैकी एकही नाव टिकले नाही. टिकले ते ‘अस्वलासारखा’. अस्वलाला अस्वल न मानणाऱ्या माणसाने दिलेले.

याचे कारण अग्रक्रमाचा नियम. एकाच प्राण्याला अनेक नावे पडली असतील तर त्यांतले सर्वांत जुने वैध नाव धरायचे. शॉचे १७९१ चे ‘उर्सिनुस’ सर्वांत जुने, म्हणून जातीचे नाव ते. ब्राडिपुस ही प्रजाती मात्र स्लॉथची; अस्वल तिच्यात राहू शकत नाही. म्हणून त्याला मायरच्या मेलुर्सुसमध्ये आणले, आणि दोन चुकलेल्या माणसांच्या अर्ध्या-अर्ध्या नावांतून आजचे नाव तयार झाले. काटेकोरपणे ते मेलुर्सुस उर्सिनुस (शॉ, १७९१) असे लिहितात. हा कंस शोभेचा नाही. कंस असला की समजावे, नाव देणाऱ्याने हा प्राणी मुळात वेगळ्या प्रजातीत ठेवला होता. कंस नसेल तर मूळ प्रजाती कायम आहे. पाठ्यपुस्तकांतून आपण हे कंस गाळून टाकतो, आणि त्यांच्याबरोबर ही सगळी गोष्टही गळून जाते.

हा नियम लगेच सर्वत्र लागू झाला असेही नाही. जर्डनने १८६७ च्या आपल्या भारतीय सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात लाबिआतुस हेच नाव वापरले होते. पुढच्या पिढीतल्या ब्लॅनफर्डच्या ग्रंथात मेलुर्सुस उर्सिनुस दिसते. जुनी शिकारकथांची पुस्तके चाळणाऱ्यांना दोन नावे भेटली तर ती दोन अस्वले समजू नयेत.

काही अभ्यासकांनी अलीकडच्या काळात असेही सुचवले, की या अस्वलासाठी वेगळी प्रजाती नको, त्याला इतर अस्वलांबरोबर उर्सुसमध्येच घालावे. तसे केले तर नाव होते उर्सुस उर्सिनुस, म्हणजे ‘अस्वलासारखे अस्वल’. अर्थाच्या दृष्टीने यापेक्षा पोकळ नाव सापडणे अवघड. तरीही नियमाच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नसेल. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या १८ व्या कलमात स्पष्टच म्हटले आहे, की नावाचा अर्थ त्या प्राण्याला लागू पडत नाही एवढ्या कारणाने ते नाव रद्द करता येत नाही.

त्या तक्त्याची तिसरी आणि मूळची चूक येथे आहे. ‘अर्थ’ असा रकाना काढला, की विद्यार्थी तो वर्णन म्हणून वाचणार. अस्वल आळशी असते, कारण शास्त्रीय नावातच तसे आहे! पण शास्त्रीय नाव हे वर्णन नाही. लिनिअसच्या आधी प्राण्या-वनस्पतींची लॅटिन नावे म्हणजे खरोखरच वर्णने असत, कधी कधी दहा-बारा शब्दांची. नवा प्राणी सापडला की जुनी वर्णने अपुरी पडत, मग त्यांत आणखी शब्द घालावे लागत. लिनिअसने दोन शब्दांचे नाव वापरात आणले त्याचे मोठे कारण हेच, की वर्णन बदलले तरी नाव बदलू नये. नाव एका ठरावीक नमुन्याला, किंवा त्याच्या वर्णनाला व चित्राला, बांधलेले असते. तो नमुना ज्या जातीचा, त्या जातीचे ते नाव. आपल्या गावात ‘गोरे’ आडनावाचा सावळा मनुष्य असतो. त्याला कोणी आडनाव बदलायला सांगत नाही.

मग अर्थ शिकवूच नये का? असे मी म्हणणार नाही. शब्दांना अर्थ आहेच, आणि तो रसाळ आहे. फक्त तो प्राण्याविषयी सांगतो त्यापेक्षा नाव देणाऱ्याविषयी अधिक सांगतो.

अस्वलाच्याच नावांत थोडे आणखी खोल गेले तर काय सापडते पाहा. युरोपातल्या तपकिरी अस्वलाचे शास्त्रीय नाव आहे उर्सुस आर्क्टोस. उर्सुस म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल, आर्क्टोस म्हणजे ग्रीकमध्ये अस्वल. पूर्ण नाव ‘अस्वल अस्वल’. हे दोन्ही शब्द आणि आपला संस्कृत ‘ऋक्ष’ ही एकाच प्राचीन शब्दाची तीन रूपे आहेत, हे भाषाशास्त्रात पक्के झाले आहे. उत्तरेकडच्या ज्या तारकासमूहाला आपण सप्तर्षी म्हणतो, त्याला ग्रीकांनी अस्वल म्हटले. आर्क्टिक हा शब्द त्यावरूनच आला. आणि सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत असत, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणातही आहे. ऋक्षापासून हिंदीत रीछ झाले. मराठीतला ‘अस्वल’ हा शब्द मात्र ‘अच्छभल्ल’ या शब्दापासून आला असे अभ्यासक मानतात. अमरकोशात तो अस्वलाच्या पर्यायांत आहे. त्यातला ‘अच्छ’ हे ऋक्षाचेच प्राकृत रूप आणि ‘भल्ल’ म्हणजेही अस्वल, ज्यापासून भल्लूक आणि भालू. म्हणजे आपले ‘अस्वल’ही मुळात ‘अस्वल अस्वल’च! लॅटिन नावाच्या द्विरुक्तीला हसताना हे ध्यानात ठेवलेले बरे. रशियन भाषेत अस्वलाला ‘मेद्वेद’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ मध खाणारा; त्यातला ‘मेद’ आणि आपला ‘मधु’ हे सख्खे भाऊ. मायरच्या मध-अस्वलाला असे जुने सोबती आहेत.

तक्त्यातल्या इतर ओळींवर फार वेळ घालवत नाही, पण दोन-चार पाहण्यासारख्या आहेत. चितळ, आक्सिस आक्सिस. अर्थ दिला आहे ‘अक्ष, आस’. शब्दकोश उघडणाऱ्याची येथे फसगत होते, कारण लॅटिनमध्ये आक्सिस म्हणजे आस हे बरोबर आहे आणि संस्कृत अक्षाशी त्याचे नातेही आहे. पण चितळाचा आक्सिस हा वेगळा शब्द आहे. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने हिंदुस्थानातल्या एका ठिपकेदार प्राण्याचे हे नाव नोंदवले होते, ते पुढे चितळाला दिले गेले. चितळाच्या अंगात आस शोधू नये. वाघासमोर, पांथेरा या शब्दाचा अर्थ ‘सर्व पशूंची शिकार करणारा’ असा दिला आहे. ग्रीकमध्ये ‘पान’ म्हणजे सर्व आणि ‘थेर’ म्हणजे पशू, अशी ही फोड. ती लोकांनी मागाहून जुळवलेली आहे, शब्द मुळात तसा बनलेला नाही. कोळसुंद्यासमोर कुओन अल्पिनुस, ‘आल्प्स पर्वतातला कुत्रा’. शब्दार्थ ठीक, पण पल्लासने १८११ मध्ये हे नाव दिले ते सायबेरियाकडच्या डोंगरी प्राण्यावरून. ताडोब्याच्या कोळसुंद्याला आल्प्स ठाऊक नाही आणि आल्प्सला कोळसुंदा. नीलगाईचे बोसेलाफुस त्रागोकामेलुस हे मात्र तक्त्यात अचूक उतरले आहे : बैल-हरिण, बकरा-उंट. कधी न पाहिलेला प्राणी समोर आल्यावर युरोपीय माणसाची केवढी तारांबळ उडाली असेल! आपणही त्याला गाय म्हणून मोकळे झालो. विदर्भातला ‘रोही’ हा शब्द या भानगडीत पडत नाही. आणि नागासमोर, नाजा नाजा, अर्थाचा रकाना चक्क कोरा. वास्तविक हा आपलाच ‘नाग’. संस्कृत शब्द लॅटिन वेषात परत आला तो ओळखू आला नाही.

यावर काही जण म्हणतात, की लॅटिन हवेच कशाला, आपणच आपल्या भाषेत शास्त्रीय नावे करावीत. असा प्रयत्न झालेला आहे. डॉ. रघुवीर यांनी १९४९ मध्ये भारतातल्या पक्ष्यांसाठी संस्कृत शास्त्रीय नावांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यामागची विद्वत्ता निर्विवाद आहे. परंतु ती नावे वापरात आली नाहीत, आणि मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. जगभर एकच नाव असणे हा शास्त्रीय नावाचा एकमेव उपयोग. त्याचे प्रत्येक भाषेत भाषांतर केले की तो उपयोगच संपतो. याउलट मारुती चितमपल्ली यांनी कोशांसाठी रानात फिरून, आदिवासींकडून, पारध्यांकडून नावे गोळा केली. ती भाषांतरे नव्हती, लोकांच्या तोंडची नावे होती. विद्यार्थ्यांकडून काही करून घ्यायचे तर या वाटेने जावे. गोंडी, माडिया, कोरकू बोलणारी मुले वर्गात असतील तर घरी आजी-आजोबांना अस्वलाचे नाव विचारून यायला सांगावे, आणि ते नाव कशावरून पडले असेल याची चर्चा करावी.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो नामकरणाचा नव्हताच. अस्वल आळशी नाही आणि मंदही नाही. चालताना ते पाय ओढत, डुलत चालते. त्यामुळे पाहणाऱ्याचा गैरसमज होतो. जुन्या पिढीने दरवेशाचे अस्वल पाहिले आहे. नाकात वेसण घातलेले, दमलेले, दोरीच्या झटक्यावर नाचणारे ते जनावर पाहून अस्वलाविषयी आपले जे मत झाले, ते बदललेले नाही. रानातले अस्वल माणसापेक्षा वेगाने धावू शकते आणि झाडावरही चढते. त्याची नजर आणि कान बेताचे, नाक तीक्ष्ण. त्यामुळे वारा उलटा असला, की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. आणि जवळ दचकलेले अस्वल बहुधा पळत नाही, अंगावर येते. पाठीवर पिले असलेली मादी तर हमखास. मोहाची फुले पडतात ती पहाटे, आणि ती माणसांना जितकी हवी असतात तितकीच अस्वलालाही. एकाच झाडाखाली, एकाच अंधुक उजेडात दोघे येतात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या दिवसांतही तेच. जंगलालगतच्या शाळेत ‘आळशी अस्वल’ ही नुसती भाषांतराची चूक राहत नाही. ती वाचून एखादे मूल अस्वलापुढे पळायला वेळ मिळेल असे धरून चालले, तर?

तक्ता छापणाऱ्यांना मी पत्र लिहिले. त्यात दुरुस्ती म्हणून तिसऱ्या रकान्याचा मथळा बदलून ‘नाव कोणी, कधी, काय पाहून दिले’ असा करावा, असे सुचवले. अस्वलापुरता मजकूरही लिहून पाठवला : ‘शॉ, १७९१. लांब नखे व वरचे मधले दोन दात नसणे यांवरून स्लॉथ समजून “अस्वलासारखा” असे नाव दिले. पुढे अस्वल असल्याचे कळले. नाव तेच राहिले.’ जागा थोडी जास्त लागेल हे खरे. चोवीस प्राण्यांऐवजी सोळा बसतील.

उत्तर अजून आलेले नाही. बाईंनी मात्र वाट पाहिली नाही. अर्थाच्या संपूर्ण रकान्यावर त्यांनी खाकी कागदाची पट्टी चिकटवली आहे, आणि एकेका प्राण्याची माहिती मिळेल तशी मुले त्या पट्टीवर लिहीत आहेत. पहिली ओळ काकांच्या पुतण्याने भरली.